हेड ऑफिसची यादी आणि आपल्या शेडमधली माणसं

वाचकाचं पत्र

काकू, नमस्कार. मला अगंतुगं केलेलं चालेल.

मी बेळगावात, उद्यमबागमधल्या एका कास्टिंग आणि मशीनिंगच्या कारखान्यात एचआर बघते. कायम आणि ठेक्यावरचे मिळून दीडशेच्या वर कामगार आहेत. मी मूळची खानापूरची, मॅनेजर साहेब धारवाडकडचे. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं आमचा कारखाना घेतला. तेव्हापासून हेड ऑफिसहून दर दोन महिन्यांनी 'साजरे करायचे दिवस' अशी यादी येते. सप्टेंबर-ऑक्टोबरची आत्ताच आली: शिक्षक दिन, हिंदी दिवस, हृदय दिन, गांधी जयंती, मानसिक आरोग्य दिन, स्तनाच्या कर्करोगाची गुलाबी रिबन, दसरा आणि शेवटी राज्योत्सव, म्हणजे १ नोव्हेंबरचा कर्नाटकाचा स्थापना दिन. प्रत्येकाचे फोटो पाठवायचे.

गेल्या वर्षी मी सगळं केलं. मानसिक आरोग्यावर इंग्रजीत प्रश्नमंजूषा ठेवली. शेडमधून एकही जण आला नाही, ऑफिसातल्या सहा जणांचा फोटो पाठवला. खंडेनवमीची वर्गणी अकाउंट्सनं सगळ्यांच्या पगारातून कापली. तेव्हा आमचे एक वेल्डर मामा येऊन म्हणाले, "मॅडम, पैशाचं काय न्हाई, पण इचारलं असतं तर बरं वाटलं असतं." ते मुसलमान आहेत. कन्नड सहकारी म्हणतात, तुमच्याकडे सगळं मराठीच चालतं. मराठी कामगार विचारतात, एक तारखेला आम्हाला रांगेत उभं करणार काय? काकू, कुठले दिवस पाळू आणि कुठले सोडू? सगळ्यांचं करायला गेलं तर रोजच सण, आणि काहीच केलं नाही तर माणसं दुरावतात.

एक वाचक, बेळगाव

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वेल्डर मामांच्या वाक्यावर थांबले. तुझा प्रश्न आहे कुठले दिवस पाळू, आणि मामांनी त्याचं उत्तर तुला वर्षभर आधीच दिलंय: विचारलं असतं तर. हेड ऑफिसच्या यादीत आठ दिवस आहेत. ती यादी ज्यानं केली त्याला तुझ्या शेडमध्ये कोण काम करतं हे ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे, किंवा चार दिवसांत होऊ शकतं. म्हणून यादी आत्ता ड्रॉवरमध्ये ठेव आणि आधी शेडमध्ये जा.

हे मी तुला शहाणपणा म्हणून सांगत नाही. मी स्वतः एका कारखान्याच्या पर्सनल खात्यात बरीच वर्षं काढली. तिथे एकदा गणपतीच्या पाचव्या दिवशी सगळ्या कामगारांना जेवण द्यायचं मी ठरवलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, कांदाभजी, जिलेबी. पंगती उठल्या, सगळे खूश, मीही खूश. आठ दिवसांनी कँटीनच्या अक्का सहज बोलता बोलता म्हणाल्या की निपाणी-चिकोडीकडच्या चार पोरांनी त्या दिवशी नुसता पांढरा भात मागून घेतला होता. चौघेही दिगंबर जैन. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत त्यांचं दशलक्षण पर्व असतं, म्हणजे आपला गणपती बसला की दुसऱ्याच दिवसापासून. त्या दहा दिवसांत कुणी उपवास करतं, कुणी एकदाच जेवतं, कांदा-बटाटा तर नाहीच. त्या चौघांनी तक्रार केली नाही, म्हणूनच मला ते आठ दिवस कळलं नाही. बेळगाव जिल्ह्यात जन्मले, वाढले, किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, लहानपणापासून बघितली, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा वर्षातला सगळ्यात मोठा सण मला माहीत नव्हता. ते अजून सलतं.

तर आठवडाभर चहाच्या सुट्टीत वही घेऊन जा. तिन्ही पाळ्यांत जा, रात्रपाळी सोडू नकोस. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचार. या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कुठला दिवस रिकामा हवा असतो? कुठल्या दिवशी काय खात नाही? आणि असा कुठला दिवस आहे की जो इथल्या बाकीच्यांना कळावा असं वाटतं? जातधर्माचा रकाना वहीत घालायचा नाही. ज्याला सांगायचं नाही त्याला चहा पिऊ दे. ठेकेदाराची माणसं, कँटीन, हाऊसकीपिंग, गेटवरचा वॉचमन हे सगळे धर. बहुतेक कारखान्यांत हीच माणसं यादीतून सुटतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावायला तेवढी बोलावली जातात.

तुझी वही भरेल तेव्हा त्यात काय येईल याचा मला थोडा अंदाज आहे. गणपती येईलच, त्याचं तुला कुणी शिकवायला नको. पण अनंत चतुर्दशीची पाळी आत्ताच बघ. बेळगावची विसर्जनाची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवशीही चाललेली असते. कपिलेश्वर तलावावरून पोरगा सकाळी घरी येतो आणि सातच्या पाळीला भट्टीजवळ उभा राहतो, हे धोक्याचं आहे. त्या दिवसाची रात्रपाळी आणि दुसऱ्या दिवसाची पहिली पाळी ज्यांना मिरवणुकीचं काही नाही त्यांना विचारून लाव, आणि त्याच्या बदल्यात त्यांना हवा तो दिवस दे. अशी अदलाबदल आपल्या गावात नवी नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले, तेव्हा बेळगावच्या मुस्लिम समाजानं आपली मिरवणूक पुढे ढकलली. पोलीस बंदोबस्ताच्या बातम्या खूप छापून येतात, असल्या समजूतदारपणाची आठवण मात्र दोन महिन्यांत पुसली जाते. ईद चांद्र पंचांगानुसार दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे मामांचा दिवस गेल्या वर्षीच्या तारखेवरून धरू नकोस, त्यांनाच विचार.

बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुलं तुझ्या मोल्डिंगला असतीलच, आता कुठल्या फाउंड्रीत नाहीत? त्यांची विश्वकर्मा पूजा बहुधा १७ सप्टेंबरला येते. आपल्या खंडेनवमीला जे महत्त्व तेच त्यांच्याकडे त्या दिवसाला. दोन खोल्यांत दहा जण राहणाऱ्या, सणाला घरी जाऊ न शकणाऱ्या त्या मुलांना अर्धा तास आणि एक कोपरा दिला तर त्याचं मोल किती होईल ते तुला त्या दिवशी दिसेल. बैलहोंगल-सौंदत्तीकडचे शेतकरी घरातले कामगार शिगी हुण्णिमेला सुट्टी मागतील, कारण त्या दिवशी शेतात जाऊन उभ्या पिकाला नैवेद्य दाखवायचा असतो. तीच आपली कोजागिरी आणि तोच महर्षी वाल्मीकी जयंतीचा दिवस. एकाच पौर्णिमेला तुझ्या शेडमधली तीन घरं तीन कारणांनी जागी असतात. पितृपक्षात बरेच जण अर्धा दिवस मागतील. घरात श्राद्ध आहे म्हणून मागितलेली अर्धी रजा अडवू नये, पुढे कुठलाही कार्यक्रम करून ती भरून निघत नाही.

आता कायद्याचं, कारण मॅनेजरसमोर बोलताना ते हाताशी असावं. कर्नाटकात औद्योगिक आस्थापनांच्या राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांसाठी १९६३ चा कायदा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या भरपगारी सुट्ट्या द्याव्याच लागतात, आणि त्यावर सणांच्या आणखी पाच. या पाच कुठल्या हे मालक आणि कामगार यांच्या सल्लामसलतीनं ठरायचं असतं. तुझ्याकडे त्या पाच कुणी ठरवल्या? बहुधा वर्षानुवर्षं तीच यादी झेरॉक्स होऊन लागते. यंदा वर्षअखेरीला पुढची यादी करताना ही वही पुढे ठेव. आणि साहेबांना पटवून दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळव, ज्या ज्यानं त्यानं आपल्या सणाला घ्याव्यात: कुणी ईदला, कुणी जैनांच्या क्षमावणीला, कुणी घरच्या जत्रेला. मला विचारशील तर एवढं एक काम झालं आणि बाकी एकही फुगा फुगला नाही तरी तू तुझं काम केलंस. कामगाराला सण पाळायला वेळ लागतो. तो त्याच्या हातात नसतो, तुझ्या हातात असतो.

याच कायद्यामुळे यादीतल्या गांधी जयंतीचा प्रश्न सुटतो. २ ऑक्टोबरला सक्तीची सुट्टी आहे, मग त्या दिवशी लोकांना झाडू घेऊन फोटोला बोलवायचं कशाला? बेळगावचा आणि गांधीजींचा संबंध तर खास आहे. ते आयुष्यात काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, आणि ते अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये इथे, टिळकवाडीत भरलं. काँग्रेस विहिरीवरून तू रोज जात असशील. त्यांचं नाव घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी, १ तारखेला, शेडच्या मागचे संडास स्वतः जाऊन बघ. पाणी आहे का, दाराला कडी आहे का, बायकांसाठी वेगळा आहे का. जे साफ करतात त्यांना हातमोजे आणि गमबूट मिळतात का. फोटो काढायचाच तर दुरुस्त झालेल्या नळाचा काढ.

शिक्षक दिन आणि हिंदी दिवस सोडून दे. तुझ्याकडे शाळा नाही, आणि खाजगी कारखान्याला हिंदी दिवस पाळायचं कसलंही बंधन नाही. त्याऐवजी तुझ्या यादीत नसलेला एक दिवस मी घालेन: १५ सप्टेंबर, अभियंता दिन. कारखान्याच्या यादीत नेमका तोच नसावा याचं मला वाईट वाटलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या जन्मले मुद्देनहळ्ळीला, इंजिनियरिंग शिकले पुण्यात, नोकरी केली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी आखलेले आपोआप उघडणारे दरवाजे बसले, आणि १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. आपल्या सीमाभागात ज्याच्यावर दोन्हीकडच्यांचा सारखा हक्क आहे अशी माणसं किती आहेत? त्या दिवशी पाहुणा आणून भाषण ठेवू नकोस. टूलरूममधला किंवा पॅटर्न शॉपमधला जो जुना मिस्त्री आहे त्याला दहा मिनिटं दे. एखादं जिग त्यानं कसं बसवलं, एखादा पॅटर्न का बदलला, ते त्याला सांगू दे. तो कन्नडमध्ये सांगेल तर कन्नडमध्ये, मराठीत सांगेल तर मराठीत, आणि शेजारचा दुसऱ्या भाषेत पोचवेल.

आरोग्याच्या दिवसांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे फुकट जाणारा वेळ कधी कधी जीवावर बेततो.

१० सप्टेंबर हा २००३ पासून आत्महत्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस आहे, आणि १० ऑक्टोबर हा मानसिक आरोग्याचा, तो १९९२ पासून पाळतात. तुझ्या प्रश्नमंजूषेला कुणी आलं नाही यात कामगारांचं काही चुकलेलं नाही. 'मानसिक आरोग्य' या नावाच्या खोलीत शिरताना चार जणांनी बघितलं तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नाव पडतं. आपल्याकडे माणूस म्हणतो झोप लागत नाही, डोकं चालत नाही, कशात मन लागत नाही. कुणी म्हणतो हप्ते थकलेत, कुणी म्हणतो पीत नव्हतो, प्यायला लागलो. बोलणं या शब्दांत सुरू होतं. तू एवढंच कर: १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलता येतं. तो मोठ्या अक्षरांत छापून लॉकर रूममध्ये आणि संडासाच्या दारांना आतून लाव, म्हणजे माणसाला तो एकट्यानं वाचता येईल, मोबाईलमध्ये घालून घेता येईल. 'आपला अनुभव सांगा' म्हणून कुणालाही सगळ्यांसमोर उभं करू नकोस. आणि सुपरवायझर लोकांना बसवून समजाव की कुणी अचानक गप्प झाला, वरचेवर दांड्या मारायला लागला, सगळ्यांची देणी घाईनं मिटवायला लागला, तर आधी मेमो द्यायचा नाही, आधी बाजूला घेऊन विचारायचं, "काय झालंय?" त्याच्या मनात काय आहे हे थेट विचारल्यानं काही बिघडत नाही. पण त्याला एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांना किंवा डॉक्टरला गाठायचं.

२९ सप्टेंबरच्या हृदय दिनाला लाल टी-शर्ट नकोत. भट्टीजवळच्या उष्णतेत आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला छातीत कळ आली तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करणार, एवढंच त्या दिवशी शिकवा. ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्याच्या इस्पितळातून, किंवा जवळच्या दवाखान्यातून कुणाला बोलाव आणि प्रत्येक पाळीतल्या निदान चार जणांकडून बाहुलीवर करून घे: माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, तर कुणीतरी १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटीमीटर खोल, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. डावा हात जड झाला, घाम फुटला, तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजून बसवून ठेवायचं नाही. आपल्याकडे सोडा पाजण्यात किती माणसं गेली असतील याचा विचार केला की माझ्या पोटात गोळा येतो.

ऑक्टोबरच्या गुलाबी रिबनचंही तसंच. कोअर शॉपमध्ये, कँटीनमध्ये, झाडलोटीला ज्या बायका आहेत त्यांच्यासाठी बंद दार, बाई डॉक्टर आणि त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी असेल तर त्या येतील. तपासणीचा तो तास पगारी धर. रिबन लावून रांगेत फोटो काढायला सांगितलंस तर पुढच्या वर्षी एकही येणार नाही.

आता खंडेनवमी. तुझ्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण आपल्या भागात कारखान्याचा खरा सण हाच. आपण खंडेनवमी म्हणतो, कन्नड माणूस आयुध पूजा म्हणतो. लेथ पुसून चकचकीत होतो, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडले जातात, क्रेनला झेंडू चढतो. जो माणूस वर्षभर त्या मशीनवर वाकलेला असतो तो त्या दिवशी तिच्यासमोर ताठ उभा राहतो. हा दिवस टिकायलाच हवा. पण वर्गणी पगारातून कापायची नाही. पगारातून काय कापता येतं हे कायद्यानं ठरवून दिलंय, सणाची वर्गणी परस्पर कापता येत नाही. गेल्या वर्षी कापलेली परत कर. उशीर झालाय, रक्कम लहान आहे, तरी कर, आणि मामांना स्वतः जाऊन सांग की चूक झाली. पूजेचा खर्च कंपनीनं करावा, मशीन कंपनीचं आहे. वर कुणाला हार-नारळाला स्वखुशीनं द्यायचे असतील तर डबा ठेव, यादी ठेवू नकोस.

मशीन ज्याच्या हातात, हार त्याच्या हातात. साहेबांनी गाडीतून उतरून सगळ्या मशीनना कुंकू लावत जायचं आणि ऑपरेटरनं मागे ताट धरून चालायचं, हे बंद व्हायला हवं. मामांना विचार, तुमच्या वेल्डिंग सेटला हार घालायचा का. आपल्या गावात कितीतरी मुसलमान मेकॅनिक आपल्या गॅरेजमध्ये मनापासून पूजा मांडतात, आणि कितीतरी जणांना ते पटत नाही. मामा सेट पुसून, तेलपाणी करून बाजूला उभे राहिले तर तेही त्यांच्या कामाला दिलेला मानच आहे. तसंच बौद्ध कामगारांचं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात धम्मदीक्षा घेतली, म्हणून आपल्या दसऱ्याच्या दिवशी त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. फलकावर दसऱ्याच्या शुभेच्छा लिहितेस तिथे त्याखाली ती एक ओळ लिही. खडू तोच आहे.

दसऱ्याची सुट्टी संपवून माणसं परत येतात त्या दिवशी गेटवर आपट्याची आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेव. आपण म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. कन्नड माणूस म्हणतो, बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण. म्हणजे बन्नी घेऊया, सोन्यासारखं राहूया. मी लहानपणी शहापूरच्या गल्लीत दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी, एकाच दारात ऐकली आहेत, आणि कुठलं कुठल्या भाषेतलं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तुझ्या कारखान्यात भाषेचा कार्यक्रम हवा असेल तर याहून चांगला मला सुचत नाही.

आणि आता ते जड प्रकरण. १ नोव्हेंबर. १९५६ साली याच तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली, आणि तेव्हापासून एकाच शहरात एका घरी तो राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या घरी काळा दिन. बेळगाव आणि सीमाभाग आपल्याकडे यावा हा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो वाद तुला सोडवायचा नाही, आणि तुझ्या कामगारांना त्यात बाजू घ्यायला लावायचा अधिकार ना तुला आहे ना हेड ऑफिसला. पुन्हा तोच १९६३ चा कायदा तुझ्या मदतीला येतो: त्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. कारखान्याचं गेट बंद ठेव. सुट्टीच्या दिवशी कोण लाल-पिवळा ध्वज घेऊन चन्नम्मा सर्कलला गेला, कोण काळी फीत लावून फेरीत गेला, कोण घरी झोपला, हे २ तारखेला शेडमध्ये कुणी कुणाला विचारायचं नाही. मॅनेजर साहेबांनीही नाही. रांगेत कुणालाच उभं करणार नाही असं मराठी कामगारांना आजच सांगून टाक, त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

पण एवढ्यावर थांबलीस तर तुझ्या कन्नड सहकाऱ्यांचं म्हणणं तसंच राहील, आणि ते म्हणणं खोटं नाही. आपण मराठी माणसं आपल्या भाषेसाठी इतकं सोसलेलो आहोत की दुसऱ्याची भाषा आपल्याकडून दुर्लक्षित झाली तर ते आपल्याला आधी कळायला हवं. २३ ऑक्टोबर धर. १८२४ साली त्या दिवशी कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी कंपनी सरकारच्या फौजेचा पराभव केला, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. कित्तूर आपल्याच जिल्ह्यात आहे. बैलहोंगल-कित्तूरकडच्या कामगारांना सांग, या दिवसाचं तुम्ही करा, आम्ही ऐकायला येतो. ते कन्नडमध्ये बोलतील, पोवाड्यासारखं काही म्हणतील, आणि त्या दिवशी मराठीत भाषांतर लागलं तर ते मागायचं, कन्नडला थांबवायचं नाही. तू स्वतः दोन वाक्यं कन्नडमध्ये बोल. खानापूरची आहेस, येत असेलच. येत असून बोलत नसशील तर आता बोल.

शिवाय ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन आहे. त्याचा गाजावाजा नको, त्या दिवसापर्यंत एक काम पुरं कर: शेडमधल्या धोक्याच्या आणि सुरक्षेच्या सगळ्या पाट्या कन्नड, मराठी आणि हिंदीत लाव. लेडलमधल्या वितळलेल्या लोखंडाला कुणाची मातृभाषा कळत नाही. भाषांतर गूगलवर सोडू नकोस. शेडमधल्याच दोन माणसांना बसव, एक इकडचा, एक तिकडचा, आणि त्यांना त्याचे पैसे दे.

हेड ऑफिसला काय लिहायचं याची तुला धास्ती वाटत असेल. सरळ लिही: आमच्याकडे कामगारांना विचारून दिवस ठरवले आहेत, यादी सोबत जोडली आहे. आरोग्याचे दिवस प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि तपासणी म्हणून पाळू, किती जणांनी भाग घेतला ते कळवू. धार्मिक आणि राज्याच्या दिवसांना हजेरी ऐच्छिक राहील आणि माणसांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय पाठवणार नाही. मॅनेजर साहेबांची सही घेऊन पाठव. धारवाडचे आहेत, दोन भाषांत जगणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

खंडेनवमीबद्दल एक राहिलं. पूजेआधी मेन स्विच बंद करायला लाव, कंट्रोल पॅनलवर पाणी-कुंकू नको, हायड्रॉलिक ऑइलच्या पिंपांजवळ कापूर नको, आणि हार फिरत्या भागाला बांधलेले असतील तर मशीन सुरू करण्याआधी सुपरवायझरनं ते मोजून काढून घ्यावेत. गेटवर कोहळा फोडतात त्याचे तुकडे आणि ते लाल पाणी लगेच धुऊन टाकायला एक माणूस आधीच नेमून ठेव. रात्रपाळीची पोरं अंधारात मोटरसायकलवरून तिथूनच आत वळतात.